चीक घाटायला कोण उभं राहणार?

एप्रिल लागला, जळगावचा पारा ४४ला टेकला की आमच्या नात्यागोत्यात दरवर्षी तोच वाद पेटतो. कुणीतरी गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकतं आणि खाली लिहितं की हे सुख आता राहिलं नाही, आजकालच्या सुनांना सगळं रेडीमेड लागतं, पोरांना मामाचं गाव माहीत नाही. मग दुसरीकडून माझ्याच वयाची एखादी बहीण उसळून उत्तर देते, की तुम्हाला ते सुख वाटत होतं कारण कुरडयांसाठी शिजवलेला गव्हाचा चीक तुम्ही आयता खात होता, ज्यांनी तो रांधला त्यांच्या पाठीला विचारा. दोन दिवस हे चालतं, मग एखाद्या लग्नाच्या पंगतीत परत निघतं, आणि जूनमध्ये लोणच्याच्या वेळी तिसऱ्यांदा. दोन्ही बाजू मनापासून बोलतात हे मला मान्य आहे, पण एक बाजू फक्त बाईला दोष देऊन थांबते आणि दुसरी फक्त कामाला, आणि त्या घरात आणखीही माणसं राहतात हे दोघांच्याही लक्षात येत नाही.

माझं म्हणणं मी आधीच सांगून टाकते. उन्हाळ्याचं वाळवण, लोणची-पापड आणि पोरांचं शेतावर जाणं हे टिकायला हवं, आणि ते टिकायचं असेल तर आधी ते बायकांचं काम म्हणून बंद व्हायला हवं. घरातल्या पुरुषांनी आणि पोरांनी त्यात बरोबरीनं उतरावं, आणि जेवढं घरात होत नाही तेवढं गावातल्या बायकांकडून त्यांच्या मेहनतीचा पूर्ण भाव देऊन घ्यावं. हे जमत नसेल तर फोटो टाकून हळहळण्याचा हक्क आपल्याला नाही असं मला अगदी मनापासून वाटतं.

आता ज्यांनी हे काम जवळून बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण वाद घालणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांना कुरडई कशी होते तेच माहीत नसतं. मामाचं गाव चोपडा तालुक्यातलं, तापीपासून थोडं आत, उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते असं. गहू तीन दिवस भिजत पडायचा, रोज पाणी बदलायचं नाहीतर वास धरतो. चौथ्या दिवशी वाटून, पिळून, फडक्यातून गाळून तो चीक रात्रभर निवळत ठेवायचा, सकाळी वरचं पिवळट पाणी अलगद ओतून द्यायचं आणि खाली बसलेला पांढराशुभ्र घट्ट चीक मोजून घ्यायचा. मोठी मामी पहाटे चारला अंगणातली चूल पेटवायची, कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ, चिकाइतकंच पाणी आधणाला, मीठ, आणि पाण्याला उकळी आली की एकीनं बारीक धार धरायची आणि दुसरीनं दोन्ही हातांनी लाकडी दांडा धरून घाटत राहायचं, एका क्षणासाठीही हात थांबवायचा नाही. चीक शिजायला लागला की असा जड होतो की दांडा ओढताना खांदा भरून येतो, आणि त्याचा एक शिंतोडा हातावर उडाला तर कातडीला चिकटून फोड आणूनच सुटतो. पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाक आली म्हणजे झाला. कच्चा राहिला तर कुरडई वाळताना चिरते, तुकडे पडतात आणि तळल्यावर फुलत नाही, म्हणजे चार दिवसांची मेहनत गेली. मग तो गरम असतानाच साच्यात भरून खाटेवर पसरलेल्या जुन्या साडीवर गोल गोल घालायच्या, कारण गार झाला तर साच्यातून उतरत नाही. हे सगळं ऊन वर यायच्या आत उरकायचं, म्हणजे पूर्ण दिवसाचं ऊन कुरडयांना मिळतं. त्या वेळी मामा आणि घरातले बाकीचे पुरुष वर धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या गच्चीवर, झोपलेले असायचे. वाईट माणसं नव्हती ती, मामा दिवसभर शेतात राबायचा. पण अंगणात पहाटे चारला जे चाललंय त्यात आपल्यालाही हात लावता येईल हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नाही, आणि आम्हीही कधी म्हटलं नाही.

म्हणून जी बहीण उसळून बोलते तिचा मुद्दा मी हलका समजत नाही, उलट तिच्या बाजूला मी सांगते त्यापेक्षा जास्तच वजन आहे. केंद्र सरकारनं २०१९ला लोक दिवसभराचा वेळ कशात घालवतात याची देशभर पाहणी केली, त्यात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवताना दिसल्या आणि असं काम करणारे पुरुष ९७ मिनिटं, आणि मुळात असं काम करणारे पुरुष होते शंभरात २६. जानेवारी २०२१ला सुप्रीम कोर्टानं एका अपघाताच्या भरपाईच्या निकालात हेच आकडे पुढे ठेवून सांगितलं की गृहिणीच्या कामाला मोल आहे आणि ते धरलं पाहिजे. पाच वर्षांनी, २०२४ला, परत पाहणी झाली तेव्हा बायकांची मिनिटं २८९ झाली आणि पुरुषांची वाढायच्या ऐवजी ८८वर आली. म्हणजे बायकांचा थोडासा भार कमी झाला तो मिक्सरनं, गॅसनं, रेडीमेडनं कमी केला असणार, घरातल्या माणसानं नाही. हे आकडे समोर असताना कुणी म्हणत असेल की सुना आळशी झाल्या, तर त्याला मी काय उत्तर देऊ?

आणि काम एवढंच नव्हतं. पाळी आलेल्या बाईनं लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही, पापडाच्या पिठाजवळ यायचं नाही, सावली पडली तरी नासतं म्हणायचे. मी चौदा वर्षांची असताना मला सगळ्या पाहुण्यांसमोर गच्चीवरून खाली पाठवलं होतं आणि माझ्या मामेभावांनी विचारलं की ही का जातेय, तर सगळ्या गप्प. लोणचं नासतं ते ओला चमचा घातला, कैरीचं पाणी नीट पुसलं नाही, तेल फोडींच्या वर राहिलं नाही म्हणून. हे मामीलाही माहीत होतं, ती स्वतः बरणी उन्हात तापवून कोरडी करायची. तरी तो नियम पाळला जायचा. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी हेही त्या सोन्यात धरावं.

मग बंदच करूया ना, असा पुढचा प्रश्न येतो आणि तो खरंच अवघड आहे. त्याचा सगळ्यात दमदार दाखला आपल्या खान्देशातच आहे. डिसेंबर १९३६ला यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं, अध्यक्ष नेहरू. गांधीजींनी दोनच वर्षं आधी ग्रामोद्योग संघ काढला होता आणि फैजपूरला ग्रामोद्योगांचं प्रदर्शनही मांडलं होतं. हातानं दळलेलं पीठ, हातसडीचा तांदूळ, घाणीचं तेल, गावाचं काम गावात राहावं हा त्यांचा आग्रह होता. तो आग्रह काही मूर्खपणाचा नव्हता, आज दुकानात हातसडीचा तांदूळ आणि घाणीचं तेल चढ्या भावानं घेतलं जातंय. पण जातं मात्र गेलं. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या आणि पहाटे उठून दळणाऱ्या बायकांनी पहिल्या दिवशी डबा घेऊन गिरणीवर रांग लावली, एकीलाही त्याचं दुःख झालं नाही. ओव्या गेल्या याची हळहळ करणारे नंतर आले, आणि त्यांतल्या फार थोड्यांनी कधी जातं ओढलं होतं. मग जसं जातं गेलं तसं वाळवणही जाऊ दे, यात चूक काय?

मी यावर बरीच वर्षं विचार केलाय आणि मला दोन गोष्टी वेगळ्या वाटतात. दळण रोजचं होतं, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस, पहाटेच्या अंधारात, त्याला ना शेवट होता ना सुट्टी. वाळवण वर्षातून आठ-दहा दिवस. आणि दळण एकटीला करता यायचं म्हणून ते एकटीवर पडलं, कुरडई एकट्या माणसाला करताच येत नाही. एक घाटणार, एक धार धरणार, एक साचा भरणार, एक घालणार, आणि एखादं पोर काठी घेऊन कावळे-चिमण्या हाकणार. ज्या कामाला पाच जण लागतात त्यात पाचही बायकाच का, हा प्रश्न आपण कधी विचारलाच नाही. दुसरं म्हणजे गिरणीवर गेलं तरी पीठ आपल्याच ज्वारीचं होतं, चव आपलीच होती. वाळवण बंद झालं की त्याच्यामागे शेतातलं बरंच काही बंद होतं, ते पुढे सांगते.

पण आधी पुरुषांचं. "पुरुषांना हे जमत नाही" असं जे म्हणतात त्यांना मी हिवाळ्यातली भरीत पार्टी आठवायला सांगते. थंडी पडली की आपल्याकडे शेताशेतात भरीत होतं, ते कोण करतं? पुरुष करतात. पऱ्हाट्या नाहीतर तुरीच्या काड्या गोळा करून त्या मोठ्या हिरव्या भरताच्या वांग्यांचा ढीग भाजतात, धूर डोळ्यांत जातो, गरम वांग्याची सालं हातानं काढतात, लाकडी बडगीत मुसळानं मिरच्या-लसणासकट ठेचतात, कांद्याची पात, शेंगदाणे घालून शंभर माणसांचं भरीत उतरवतात आणि त्याचा त्यांना अभिमान असतो. असायलाच हवा, जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ला भौगोलिक मानांकन मिळालंय. मोठ्या पंगतीला वरण-बट्टीच्या कढया उतरवतात तेही गावातले पुरुषच. लोणच्याच्या दिवसांत बाजारात मोठ्या अडकित्त्यानं कैऱ्या फोडून देणारे बहुतेक पुरुषच बसलेले असतात, दिवसभर, घाम गाळत. म्हणजे धूर सहन होतो, चटके सहन होतात, मुसळ चालवायला खांदा आहे, अडकित्ता चालवायला मनगट आहे. फरक इतकाच की एकाला आपण पार्टी म्हणतो, दुसऱ्याला बायकांचं काम म्हणतो. चिकाचा दांडा मुसळापेक्षा जड नसतो.

गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे हे करून बघायची वेळ आली. मामीचा उजवा खांदा आखडला होता, हात वर होत नव्हता, आणि तिनं जाहीर केलं की यंदा कुरडया नाहीत. माझा मामेभाऊ म्हणाला मी घाटतो. माझे मिस्टर धार धरायला बसले. मामी खुर्ची टाकून समोर बसली आणि पहिल्या पाच मिनिटांत ओरडली, "गाठी पडी ऱ्हायन्यात रे!" कारण धार जाड पडत होती आणि भावाचा हात मध्येच थांबत होता. पहिल्या पातेल्याला खरंच गाठी पडल्या, त्या आम्ही फोडून तेल-मीठ घालून खाऊन टाकल्या. दुसऱ्या पातेल्याला मामीनं त्याला दांडा तळापर्यंत कसा न्यायचा, कडेचा चीक आत कसा ओढायचा ते दाखवलं, डाव्या हातानं, आणि तो चीक काचेसारखा झाला. मामी बघत राहिली. म्हणाली, चाळीस वर्षं मी घाटते आहे, आज पहिल्यांदा मी बसून बघितलं की चीक रंग कसा बदलतो. हे वाक्य ऐकल्यापासून मला या विषयावर गप्प बसवत नाही.

आता शेताचं. आपल्या बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड, त्यातही दादर ज्वारीची चव जिला माहीत आहे ती दुसरी ज्वारी घेत नाही. ज्वारी भिजवून, वाटून तिचा लसूण-मिरची-जिरं-तीळ घातलेला घाटा शिजवायचा, तो वाटीत घेऊन वर कच्चं शेंगदाण्याचं तेल सोडून पोरांनी खायचा आणि उरलेल्याच्या ओल्या फडक्यावर बिबड्या थापायच्या. दादर म्हणजे रब्बीची, काळ्या जमिनीत नुसत्या ओलीवर येणारी. तिला भाव फार नसतो, कापूस आणि केळीपुढे तिचा हिशेबच लागत नाही. तरी मामाच्या शेतात एक तुकडा दादरचा असायचाच, घरच्या भाकरीला आणि बिबड्यांना. घरात बिबड्या थापणं थांबलं त्या वर्षी तो तुकडाही कापसाखाली गेला, मी डोळ्यांनी बघितलंय. बांधावरच्या गावरान आंब्याचं तेच. लोणच्याला आंबट, घट्ट, जाड कोय असलेली गावरान कैरी लागते, कलमी आंब्याची फोड सहसा वर्षभर कडक राहत नाही. ज्या घरात लोणचं घालत नाहीत त्या घराला ते झाड नुसती सावली पाडून पीक खाणारं वाटायला लागतं आणि मग कधीतरी लाकूडवाला येतो. मामाच्या बांधावर चार झाडं होती, प्रत्येकाला नाव होतं, शेंदऱ्या, खोबऱ्या, गोटी, आणि एक आंबट्या जो फक्त लोणच्याचा. आता दोन आहेत. झाडं वाचवा म्हणून भाषणं करून ती वाचत नाहीत, त्या झाडाच्या कैरीची घरात गरज असेल तर वाचतात. आणि दुकानातल्या पाकिटात कोणत्या गावाची ज्वारी आहे, कोणत्या झाडाची कैरी आहे, हे आपल्याला कोण सांगणार?

पोरांच्या सुट्टीचा प्रश्न याच्यातच गुंतलेला आहे. आपल्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ही माहेरवाशिणींची दिवाळी, निंबाच्या फांदीला झोके, गौराईची गाणी, सांजोऱ्या, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस, पितरांसाठी घागर भरणं. लेकी आखाजीला माहेरी यायच्या आणि त्यांच्यासोबत पोरं, आणि तिथून पुढे वाळवण सुरू व्हायचं, म्हणून कामाला हात असायचे. २०२५ला पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा ८ ते २५ एप्रिलच्या वेळापत्रकात बसवल्या, आखाजी होती ३० एप्रिलला. परीक्षा संपून पोरं श्वास घेतात तोवर आखाजी दारात, आणि मेमध्ये लगेच पुढच्या वर्षाचे क्लास. आईवडील म्हणतात आम्ही दोघं नोकरी करतो, पोर दिवसभर घरात मोबाईल घेऊन बसेल त्यापेक्षा क्लास बरा. मी स्वतः नोकरी करते, ही अडचण मला रोज सोसावी लागते, तिला मी खोटं म्हणणार नाही. गावात आता मामाच राहत नाही, तो नाशिकला गेला, हेही खरं. शेतात विहिरीला कठडा नाही, साप-विंचू निघतात, फवारणीचे डबे गोठ्यात पडलेले, दुपारी बाराला ऊन असं की मोठा माणूस चक्कर येऊन पडेल. ही भीती घेऊन जी आई पोराला पाठवत नाही तिला मी भित्री म्हणणार नाही.

आणि याहून मोठा एक मुद्दा आहे जो दोन्ही बाजूंकडून कुणी काढतच नाही. मामाचं शेत सगळ्यांना कुठे होतं? ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांच्या पोरांची सुट्टी दुसऱ्याच्या शेतात पऱ्हाट्या उपटण्यात गेली. आम्ही ज्या विहिरीत ट्यूब बांधून पोहायला शिकलो त्या विहिरीवर कुणी यायचं आणि कुणी नाही हे ठरलेलं होतं, तेव्हा कळलं नाही, नंतर कळलं. धडगाव, अक्कलकुव्याकडे आदिवासी घरांत उन्हाळा म्हणजे आमचूर, झाडाखाली बसून कैऱ्या सोलायच्या, चिरायच्या, वाळवायच्या आणि व्यापारी देईल त्या भावाला द्यायच्या. तिथे पोरंही सोलायला बसतात आणि ती त्यांच्यासाठी गंमत नसते, ते वर्षाच्या मिठा-मिरचीचं काम असतं. नंदुरबारला मिरचीच्या पथारींवर दिवसभर ठसक्यात उभं राहून मिरची वाळवणाऱ्या बाईला वाळवणाच्या आठवणी विचारून बघा. म्हणून "आमचं बालपण किती छान होतं" एवढ्यावर जे थांबतात त्यांच्याशी मी नाही.

पण या सगळ्यातून उत्तर क्लासचं निघतं का? विहिरीला कठडा नाही तर कठडा बांधायचा, फवारणीचे डबे कुलपात ठेवायचे, दुपारी बारा ते चार पोरांना घरात निजवायचं आणि शेतावर सकाळी सहाला न्यायचं. आमची आजी हेच करायची, उन्हात पाठवायची नाही, ती काही वेडी नव्हती. गावात मामा नाही तर काका असेल, नवऱ्याची आत्या असेल, मैत्रिणीचं शेत असेल, चार घरांनी मिळून आठ पोरं चार-चार दिवस वाटून घेता येतात. ज्यांना शेत नाही त्यांच्या पोरांनाही बोलवा, आपल्याच पंक्तीला बसवा. सुट्टी हा काही जमीनदारांच्याच पोरांचा हक्क नाही. आणि पोराला शेतात नुसतं फोटो काढायला नेऊ नका, त्याला काम द्या. माझ्या मुलीला दहाव्या वर्षापर्यंत वाटत होतं की केळीचं झाड दरवर्षी परत फळ देतं. घड उतरला की ते खोड कापतात आणि बाजूच्या पिलाला वाढवतात हे तिनं रावेरला माझ्या नणंदेच्या बागेत बघितलं, तेव्हा तिनं जे प्रश्न विचारले ते कुठल्याही क्लासमध्ये विचारले नसते. भाव काय मिळतो, वादळ आलं तर काय करता, मामा रडतो का. नणंदेनं तिला आडव्या झालेल्या बागेबद्दल सांगितलं आणि पोरगी रात्री गच्चीवर झोपताना वारा सुटला की उठून बसायची.

वेळ नाही म्हणणाऱ्यांना माझं इतकंच विचारणं आहे की वेळ नक्की कुणाला नाही. लग्नसराईत पुरुष चार-चार लग्नांना रजा टाकतात, मॅच असली की रात्री बारापर्यंत जागतात, ते चूक आहे असं मी म्हणत नाही. त्यातले तीन दिवस कुरडयांना द्या. सगळं करायचीही गरज नाही. आमच्याकडे पूर्वी कुरडया, बिबड्या, उडदाचे पापड, नागलीचे पापड, मुगाच्या वड्या, शेवया, बटाट्याचे वेफर्स, साबुदाण्याच्या चकल्या, सगळंच व्हायचं आणि एकीनंही मे महिन्यात पाठ टेकली नाही. आता आम्ही दोनच पदार्थ घरी करतो. बाकीचं विकत. २०२५च्या मेमध्ये तर अवकाळीनं असा घोळ घातला की ज्यांनी पाच पदार्थ मांडले होते त्यांचे तीन बुरशीनं गेले, उन्हाचा भरवसा धरायचे दिवस राहिले नाहीत, तेव्हा थोडं करा आणि ते सगळ्यांनी करा.

विकत घेण्यात कमीपणा आहे असं मानणाऱ्यांना मी १९५९ची एक गच्ची आठवून देते. १५ मार्चला मुंबईत गिरगावात सात गुजराती बायका एका इमारतीच्या गच्चीवर बसल्या, ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटले आणि विकले. तेच पुढे लिज्जत झालं, हजारो बायकांच्या घरात त्यातून पैसा आला, त्या सातांतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ला पद्मश्री मिळाली. पापड तोच, गच्ची तीच, ऊन तेच. घरासाठी लाटला तेव्हा त्याला कुणी काम म्हटलं नाही, बाहेरच्यानं पैसे मोजल्यावर त्याचं काम झालं. मग आपल्याच गावातल्या बचत गटाच्या बाईकडून कुरडया घेताना आपण का घासाघीस करतो? पाच किलो गव्हाच्या आमच्या घरी जेमतेम अडीच-तीन किलो कुरडया होतात, त्यात पाच माणसांची एक सकाळ आणि त्याआधीचे चार दिवस. त्या पाच जणी शेतात निंदणीला गेल्या असत्या तर त्यांना मजुरी मिळाली असती, ती धरा, गहू धरा, जळण धरा, आणि मग सांगा किलोला दोनशे द्यायचे की चारशे. मॉलमधल्या पाकिटावर छापलेला भाव निमूट देणारा माणूस गावातल्या मावशीला "घरचंच तर आहे, कमी करा" म्हणतो, तेव्हा तो चाळीस वर्षं मामीनं घाटलेल्या चिकाची किंमत परत एकदा शून्य लावतो.

यंदाचं आमचं ठरलंय. शनिवारी रात्री गहू भिजत पडेल, पाणी बदलायचं काम माझ्या मुलाकडे, मंगळवारी वाटणं आणि गाळणं माझ्याकडे आणि वहिनीकडे, बुधवारी पहाटे भाऊ घाटणार, मिस्टर धार धरणार, दोघांनी रजा टाकल्यात. मुलीची पाळी त्याच आठवड्यात येतेय, साचा तिच्याच हातात राहणार आहे, मामीला मी तसं फोनवर सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, तिला सांग साच्याला आतून तेलाचा हात लाव, नाहीतर चिकटतो.